तळघरातली म्हैस

चहा येतोय तोवर एक सांगून टाकतो. हुशारीच्या गोष्टी माझ्याकडेही आहेत, नाही असं नाही. पण त्या ऐकून कुणी दुसरा कप मागवत नाही, हा माझा अनुभव आहे. म्हणून माझ्या अकलेचा जो सगळ्यात मोठा पंचनामा झाला, तोच आज ऐका.

माझं चादरींचं दुकान. सोलापुरात चादरींचं दुकान म्हणजे विशेष काही नाही, दगड भिरकावला तर कुठल्यातरी चादरीवरच पडेल. पण माझ्या दुकानाला तळघर होतं. दहा पायऱ्या उतरून गेलं की ऐसपैस खोली, वर रस्त्याच्या बाजूला दोन झरोके. बाहेर वैशाखाचं ऊन डोकं फोडत असलं तरी आत गार. गठ्ठे ठेवायला याच्यापेक्षा चांगली जागा नाही, असं मी वीस वर्षं सगळ्यांना सांगत आलो होतो.

आणि त्या तळघराला ओल आली!

आता सांगा, सोलापुरात ओल? जिथं नळाला पाणी दिवसाआड, ओठ फुटतात, पापड तासाभरात वाळून वाकडे होतात, तिथं माझ्या तळघरात भिंतीला पोपडे! कोकणातल्या माणसाने ऐकलं असतं तर त्याने माझी कीव केली असती. सोलापुरातल्या माणसांनी केली नाही. समोरच्या हॉटेलवाल्याने विचारलं, "शेठ, भाड्यानं देता का? आमची म्हातारी कृष्णेकाठची हाय, तिला हितलं कोरडं मानवंना."

मी हसलो. पण त्याच महिन्यात गुलबर्ग्याहून एक गठ्ठा परत आला, आणि हसणं बंद झालं.

गठ्ठा पाठवला होता इरण्णांनी. हे इरण्णा माझं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. निम्मा माल एकटे उचलायचे. वयानं माझ्यापेक्षा मोठे, पांढरंशुभ्र धोतर, खिशात कायम दोन पांढरे रुमाल. एक तोंड पुसायला, दुसरा चादरीची परीक्षा घ्यायला. रुमालाचं टोक ओलं करायचं आणि चादरीवर खसाखसा घासायचं. टोक पांढरं राहिलं तर माल घ्यायचा, रंगलं तर पुढच्या दुकानात. बोलणं नाही, भांडण नाही.

गठ्ठ्यासोबत चार ओळींची चिठ्ठी होती. "शेठजी, चादरींना कुबट वास येतो. गिऱ्हाईक नाक धरते. पावसाळ्याआधी माल भरायला मी स्वतः येतो. तुमच्या तळघरात उतरून वास घेतो. वास असला तर आपला नमस्कार."

नमस्कार या शब्दाचा अर्थ व्यापाऱ्याला सांगावा लागत नाही. इरण्णा गेले की माझं दुकान राहिलं असतं, पण गठ्ठ्यांऐवजी नगावर विकत बसावं लागलं असतं.

मग उपाय सुरू झाले. चुना मारला, ओल चुन्यातून वर आली. मिठाची पोती ठेवली, मिठाचं पाणी झालं. कोळसा ठेवला, तो ओला झाला. कडुलिंबाचा पाला पसरला, तर कुबट वासात कडू वास मिसळला आणि काहीतरी तिसरंच तयार झालं. आमचा मल्लप्पा म्हणाला, "मालक, आता वास वळखू येत न्हाय, हे एक बरं झालं बगा."

हा मल्लप्पा वळसंगचा. माझ्याच वयाचा, दुकान उघडलं त्या दिवसापासून माझ्याकडे. गठ्ठे बांधणं, उतरवणं, चढवणं आणि माझ्या प्रत्येक निर्णयावर एकेक वाक्य बोलणं ही त्याची कामं. शेवटच्या कामाचा पगार मी कधी दिला नाही, तरी ते तो सगळ्यात मन लावून करायचा.

तेवढ्यात कुणीतरी सांगितलं, की मुंबईला हवेतलं पाणी शोषून घेणारं यंत्र मिळतं. परदेशी बोटींवर असतं. बोट मोडीत निघाली की तिथलं सामान एका बाजारात विकायला येतं. मी त्याच रात्रीची गाडी पकडली.

दुकान सापडलं. आत बोटीचे दिवे, होकायंत्रं, पितळी घंटा आणि कोपऱ्यात दोन यंत्रं. एक लहान, सुटकेसएवढं, नवं दिसणारं. दुसरं आपल्या लोखंडी तिजोरीएवढं, चार चाकांवर उभं, ठिकठिकाणी पोचे पडलेलं. दुकानदार मोठा सज्जन माणूस. त्याने मला स्टूल दिलं आणि पहिलाच प्रश्न विचारला.

"ओल कुठून येते, ते बघितलंत का?"

मंडळी, तो प्रश्न लक्षात ठेवा. मी ठेवला नाही.

मी म्हणालो, "ते राहू द्या. हे पाणी किती देतं?"

"देतं?" तो जरा गोंधळला. "खोली केवढी आहे तुमची?"

"खोली सोडा हो. सकाळ-संध्याकाळ मिळून किती?"

आता यात माझा दोष म्हणाल तर आहे, म्हणाल तर नाही. माझे वडील सांगोल्याच्या बाजारात जनावरांचे दलाल. लहानपणापासून मी एकच खरेदी नीट शिकलो, ती म्हशीची. चादरीचा धंदा मी माझ्या मनानेच शिकलो, पण त्यातही हात तोच. जनावर बघायचं, अंगावर थाप मारायची, चालवून बघायचं आणि विचारायचं, दोन्ही वेळचं मिळून किती?

दुकानदाराने मला शांतपणे समजावलं. आत पंखा आहे, तो खोलीतली हवा ओढतो. मग ती हवा गार नळ्यांवरून जाते. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसं त्या नळ्यांना पाणी सुटतं आणि खालच्या तोटीतून बादलीत पडतं. दारं-झरोके बंद ठेवायचे. लहान यंत्र तुमच्या खोलीला पुरेसं आहे. "आणि एकदा खोली सुकली, की याचं काम संपलं," असंही म्हणाला बिचारा.

मी दोन्ही यंत्रांवर थाप मारली. लहानाचा आवाज डबडब आला, मोठ्याचा भरदार. मोठं ढकलून बघितलं, नीट चाललं. वाकून खालची तोटी बघितली. दात नव्हते म्हणून, नाहीतर तेही बघितले असते.

"हे द्या," मी म्हणालो. मोठं.

"शेठ, एवढ्याची गरज नाही."

"असू द्या. घरचंच आहे," मी म्हणालो. याचा काय अर्थ होता ते मला आजही सांगता येणार नाही.

यंत्र ट्रकमधून सोलापूरला आलं. चौघांनी दोर लावून तळघरात उतरवलं. बटण दाबल्यावर ते आधी कण्हलं, मग थरथरलं आणि मग घुर्र करत सुरू झालं. मल्लप्पा लांब उभा राहून बघत होता.

"मालक, हे रवंथ करतंय."

"यंत्र आहे ते."

"व्हय की. पन रवंथ करतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी खाली उतरून बघतो तर अर्धी बादली पाणी! स्वच्छ, काचेसारखं. बादली मी स्वतः उचलून वर आणली आणि दुकानाच्या पायरीवर ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवली. "हवेतून काढलंय!" लोक बोट बुडवून बघायचे. एकाने जिभेला लावून बघितलं आणि म्हणाला, "पाणीच हाय." जणू मी ताक म्हणालो होतो.

आता प्रश्न आला, या पाण्याचं करायचं काय? सोलापूरच्या माणसाच्या हातून पाणी गटारात ओतलं जात नाही, हात आपोआप थांबतो. पिण्याचा विचार केला, पण मल्लप्पा म्हणाला, "हवेतलं पानी म्हंजे कुनाकुनाचा श्वास आसंल त्यात." मग ते पाणी कुणी प्यायलं नाही.

मग मला माझी पाणपोई आठवली.

ही पाणपोई म्हणजे माझा अभिमान. दोन वर्षांपूर्वी, दुष्काळाच्या साली वडिलांच्या नावाने सुरू केलेली. दुकानाच्या पायरीला लागून, भिंतीच्या कडेला वाळूचा जाड थर आणि त्यावर तीन मोठे रांजण. रांजणांना गोणपाट गुंडाळलेलं. रोज सकाळी गोणपाट आणि वाळू भिजवली की दिवसभर पाणी गारेगार. दुष्काळ गेला तरी मी ती बंद केली नाही, बारमाही ठेवली. बाजारातली माणसं, टांगेवाले, मालाच्या गाडीवरचे हमाल सगळे तिथं पाणी प्यायचे आणि वडिलांचं नाव वाचायचे. खाली बारीक अक्षरात माझंही होतं.

आत्तापर्यंत वाळू भिजवायला नळाचं पाणी हात आखडून वापरावं लागायचं. आता यंत्राचं पाणी! सगळीच्या सगळी बादली वाळूवर आणि गोणपाटावर ओतायची. पाण्याचा थेंब वाया नाही, पुण्यही आणि तळघरही कोरडं. माझ्या डोक्याचं मलाच कौतुक वाटलं.

आता पुढची मजा बघा. चार दिवसांनी यंत्र पाऊण बादली देऊ लागलं. आठ दिवसांनी एक बादली. मी खूष! "नवीन जागेत रुळायला वेळ लागतोच," मी सगळ्यांना सांगत होतो. "आता पान्हावलंय." रोज सकाळी नऊ वाजता बादली वर आणायची वेळ ठरून गेली. हॉटेलवाला, दोन टांगेवाले, समोरचा शिंपी असे चार-पाच जण चहाचे ग्लास घेऊन पायरीशी हजर.

"आज किती दिलं हो?"

"एक आणि वर चार लोटे!"

"वा! खुराक काय?"

"वीज!"

यंत्राचं नाव कुणालाच उच्चारता येत नव्हतं, मला धरून. त्यामुळे पेठेत त्याचं नाव पडलं म्हैस. शेठची म्हैस. 'म्हैस कशी आहे' असं लोक माझ्या कुटुंबाच्या तब्येतीआधी विचारू लागले.

कुटुंबावरून आठवलं. एके दिवशी आमची मंडळी डबा घेऊन दुकानात आली. तिला मोठ्या कौतुकाने खाली नेलं, यंत्र दाखवलं, बादली दाखवली. तिने पदराने नाक झाकलं आणि भिंतीला हात लावला.

"अहो, बादली भरते ते कळलं. पण भिंत कुठं सुकलीय?"

"अगं, पाणी बघ ना पाणी! हे सगळं भिंतीतच होतं की नाही?"

"होतं म्हणजे, आता नसायला हवं ना?"

"तुला यंत्रातलं कळत नाही," मी म्हणालो.

ती डबा ठेवून गेली. त्या दिवशी डब्यात फक्त भाकरी आणि ठेचा होता, एवढंच नोंदवून ठेवतो.

इकडे इरण्णांचा यायचा दिवस जवळ आला. वास तर अजून होता. पण माझा यंत्रावर विश्वास होता. बादली दिसली की इरण्णांची खात्री पटणारच. तरी म्हटलं, दुकान जरा सजवावं. तेव्हा नुकताच मी एक नवा माल काढला होता. लालभडक चादर, काठावर मोर. रंग एका नव्या माणसाकडून स्वस्तात घेतलेला. त्याने देवाची शपथ घेऊन सांगितलं होतं की पक्का आहे, आणि मी तितक्याच जोरात इरण्णांना पत्रात कळवलं होतं, की रंग पक्का आहे, मी हमी देतो.

मला एक कल्पना सुचली. रांजणांना ते मळकं गोणपाट कशाला? आपली लाल चादर गुंडाळू! जाणारा-येणारा बघेल. रोज पाणी पडूनही रंग जात नाही, हे बघून इरण्णांना रुमाल काढायची गरजच उरणार नाही. जाहिरात ती जाहिरात, हमी ती हमी!

मल्लप्पाने तिन्ही रांजणांना चादरी गुंडाळल्या, वरून सुतळीने आवळल्या आणि मागे सरकून बघत म्हणाला, "तीन नवऱ्या बसल्यात जनू."

चादरी जाड. गोणपाटापेक्षा दुप्पट पाणी प्यायच्या. मग मी नळाचंही पाणी घालून दुप्पट ओतू लागलो. म्हैस सव्वा बादलीवर गेली! मुंबईच्या दुकानदाराला पत्र लिहून आभार मानावेत, असंही माझ्या मनात आलं.

चार दिवसांनी इरण्णा आले. टांग्यातून उतरले, पाणपोईवर पाणी प्याले, लाल चादरींकडे एकदा बघितलं. मी मनात म्हणालो, काम झालं. नऊ वाजले होते. नेहमीची मंडळी पायरीशी होतीच. पहाटे अंधारातच वर आणून ठेवलेली बादली मी पुढे केली.

"बघा अण्णा! दीड बादली! एका दिवसात! हवेतून!"

इरण्णांनी बादलीत डोकावून बघितलं आणि आपल्या कानडी वळणाच्या मराठीत विचारलं, "काल किती होतं री?"

"सव्वा."

"आठ दिवसांमागं?"

"एक."

"आणि सुरुवातीला?"

"अर्धी!" मी छाती काढून सांगितलं.

इरण्णा अगदी हळू म्हणाले, "शेठजी, आमच्याकडं विहीर उपसताना पाणी रोज वाढत गेलं, तर ती आटायला लागली असं म्हणत नाहीत री."

मंडळी हसली. मीही हसलो. का हसतोय ते मात्र मला कळलं नव्हतं.

"चला, खाली जाऊ," इरण्णा म्हणाले.

मल्लप्पा दिवा घेऊन पुढे. तो शेवटच्या पायरीवर जाऊन जो थांबला, तो हललाच नाही. त्याने हात जोडले.

"मालक! भितीतनं कुंकू फुटलंय!"

मी वाकून बघितलं. रस्त्याकडच्या भिंतीवर, वरच्या झरोक्याच्या बाजूने खाली जमिनीपर्यंत तीन लालभडक ओघळ. ताजे, दिव्यात चमकणारे. वरून हॉटेलवाला ओरडला, "नारळ आणू का?" कुणीतरी चप्पल काढल्याचाही आवाज आला.

इरण्णांनी मात्र ना हात जोडले, ना चप्पल काढली. त्यांनी खिशातून दुसरा रुमाल काढला, भिंतीजवळ गेले आणि एक टोक ओघळावर घासलं. लाल झालं. ते वळले आणि पायऱ्या चढून वर गेले. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे मल्लप्पा, त्याच्यामागे दिव्याचा धूर.

वर जाऊन इरण्णांनी रुमालाचं दुसरं टोक पाणपोईच्या पाण्यात बुडवलं आणि मधल्या रांजणाच्या चादरीवर घासलं. मग दोन्ही टोकं माझ्या नाकासमोर शेजारी शेजारी धरली.

एकच रंग. तसूभर फरक नाही.

मग मल्लप्पाने पायाने वाळू बाजूला सारली. खाली पायरीची फरशी आणि भिंत यांच्यामध्ये बोटभर फट होती. ती बरोबर तळघराच्या भिंतीत उतरत होती. दुष्काळाच्या सालापासून मी रोज सकाळी वडिलांच्या नावाने त्या फटीत पाणी ओतत होतो. ते खाली उतरत होतं. यंत्र ते हवेतून गोळा करून बादलीत देत होतं. मी ती बादली दहा पायऱ्या चढून वर आणत होतो, चार लोकांना दाखवत होतो आणि परत त्याच फटीत ओतत होतो. वर वीज जाळत होतो.

"म्हंजे मालक," मल्लप्पा सावकाश म्हणाला, "आपुन तिचंच दूध तिलाच पाजत हुतो."

इरण्णांनी रुमालाची घडी घातली. लाल टोकं आत, पांढरं बाहेर. "शेठजी, दोन गोष्टी कळल्या. पाणी कुठून येतं, ते कळलं." मग रांजणांकडे बघून म्हणाले, "आणि रंग किती पक्का, तेही."

तुम्हाला सांगतो, व्यापारात मी पुष्कळ वेळा पकडला गेलोय. पण स्वतःच्या हाताने जाहिरात गुंडाळून, पंच बोलावून, वेळ ठरवून असा कधी नाही!

मी इरण्णांना आत बसवलं आणि चहा दिला. हमीबद्दल बोलायला तोंड नव्हतं. चहा संपवून इरण्णाच म्हणाले, "रांजण हलवा. गठ्ठे गच्चीवर उन्हात टाका. पंधरा दिवसांनी परत येतो. वास गेला तर माल नेतो. लाल नको." टांग्यात बसताना मात्र त्यांना हसू फुटलं आणि चौकापर्यंत त्यांच्या हसण्याचा आवाज येत होता. टांगेवालाही हसत होता. घोड्याचं माहीत नाही.

रांजण त्याच दिवशी रस्त्याच्या पलीकडे, कडुलिंबाखाली गेले. फट सिमेंटने बुजवली. लाल चादरी मी दुकानातून काढून घरी नेल्या. आमच्या मंडळीने त्या ठेवून घेतल्या. पहिल्या धुण्यात माझे सगळे सदरे गुलाबी झाले, तेव्हा मात्र ती म्हणाली, "हमीचा माल आहे." गठ्ठे गच्चीवर तापले, वास उडाला, भिंत खडखडीत सुकली. इरण्णा बोलल्याप्रमाणे आले, खाली उतरले, दीर्घ श्वास घेतला आणि नेहमीपेक्षा चार गठ्ठे जास्त घेऊन गेले.

गोष्ट इथं संपायला हवी होती. शहाणा माणूस असता तर संपली असती.

इरण्णा गेल्यावर दोन दिवसांनी सकाळी नऊ वाजता मी सवयीने तळघरात उतरलो. यंत्र घुर्र करत होतं. बादली कोरडी. दुसऱ्या दिवशीही कोरडी. तिसऱ्या दिवशी मी घाबरलो. एवढं महागाचं यंत्र! तडक पंखे दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रीला बोलावलं. त्याने दोन तास ते खोलून, सगळे भाग पोत्यावर मांडून, परत जोडलं. घाम पुसत म्हणाला, "शेठ, यात काही बिघाड दिसत नाही. तक्रार काय आहे?"

"अरे, पाणीच देत नाही!" मी म्हणालो.

मिस्त्रीने माझ्याकडे बघितलं, मग मल्लप्पाकडे. मल्लप्पा कोरड्याठाक भिंतीला पाठ टेकून आरामात बसला होता.

"मिस्त्री, त्येचं काय न्हाय," तो म्हणाला. "येक बादली वाळूवर वतू द्या मालकास्नी. लगीच देतंय बगा."